भूक कमी करणारे औषध सुरू करताना: गोव्यातल्या नवख्यांसाठी मार्गदर्शक

वजन उतरवण्यासाठी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारे भूक कमी करणारे औषध घ्यायचे ठरवत असाल, तर एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा. औषध फक्त भूक कमी करते. उरलेल्या थोड्या भुकेत ताटात काय वाढायचे, पाणी किती प्यायचे, डोस कधी वाढवायचा आणि कधी थांबवायचा, हे सगळे तुम्हाला आणि तुमच्या डॉक्टरांना सांभाळावे लागते. औषध सोडून देणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची गाडी पहिल्या दोन महिन्यांत अडते, आणि अडते ती घाईमुळे. म्हणून खालच्या पायऱ्या क्रमाने घ्या.

१. नेमके कोणते औषध, ते ओळखा

आज भारतात वजनासाठी मुख्यतः दोन औषधे लिहून दिली जातात: सेमाग्लुटाइड (वेगोव्ही वगैरे) आणि टिर्झेपाटाइड (माउंजारो). दोन्ही आठवड्यातून एकदा पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली टोचायची; ती औषध भरलेल्या, सुई लावून टोचायच्या पेनात किंवा कुपीत मिळतात. जेवल्यावर आतड्यातून जी संप्रेरके निघतात त्यांच्यासारखे काम ही औषधे करतात. मेंदूला ‘पोट भरले’ असा निरोप लवकर जातो आणि जठर उशिरा रिकामे होते. ही दुसरी गोष्ट विसरू नका, पुढच्या बहुतेक त्रासांचे मूळ तिच्यात आहे.

ओझेम्पिक आणि रायबेल्सस यांतही सेमाग्लुटाइडच आहे, पण ती मधुमेहासाठी मान्यता मिळालेली आहेत. रायबेल्सस ही गोळी सकाळी अनशापोटी, जेमतेम अर्धा पेला पाण्याबरोबर घ्यायची आणि त्यानंतर किमान अर्धा तास चहासुद्धा घ्यायचा नाही. चहाबरोबर घेतली तर गोळी जवळपास वाया जाते.

ऑर्लिस्टॅट या पंक्तीतले नव्हे. ती गोळी भुकेला हात लावत नाही, खाल्लेल्या तेलातुपाचा काही भाग पचू देत नाही. ती घेऊन तळलेली सुंगटे खाल्लीत तर पुढचे काय ते तुम्हाला बाथरूममध्ये कळेल.

आता सापळे. सिब्युट्रामिन ही एके काळी धडाक्यात खपलेली गोळी हृदयविकार आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळे फेब्रुवारी २०११ मध्ये भारतात बंद झाली. रिमोनाबंट त्याआधीच, २००९ मध्ये गेली. तिने नैराश्य येत असे. तरीही ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या स्लिमिंग पावडरी आणि कॅप्सुलांत गुपचूप सिब्युट्रामिन मिसळलेले जगभर अनेकदा सापडले आहे. एखाद्या पावडरीने चार दिवसांत भूक गायब झाली, छाती धडधडू लागली आणि झोप उडाली, तर ती जडीबुटीची करामत नव्हे.

दुसरा सापळा खास आपल्याकडचा. घरोघरी कोणीतरी आखातात, लंडनला किंवा लिस्बनला असते आणि ‘इथे स्वस्त मिळते, पाठवू का?’ असे विचारते. पेन पाठवले तर वाटेत ते थंड राहिले की नाही याचा पत्ता लागत नाही. फेंटर्मिन नावाची गोळी मागवायची तर कल्पनाही नको. अमेरिकेत ती चिठ्ठीवर मिळते, पण ती मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या नियंत्रित पदार्थांत मोडते. कस्टम्सपुढे उत्तर तुम्हाला द्यावे लागेल.

२. आपण यात बसतो का, ते पाहा

बीएमआय काढा: किलोतले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. उंची १६५ सेंटिमीटर आणि वजन ८२ किलो असेल तर ८२ भागिले २.७२, म्हणजे ३० च्या किंचित वर. या इंजेक्शनांची मान्यता साधारणपणे बीएमआय ३० किंवा त्याहून जास्त असणाऱ्यांसाठी आहे. मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, झोपेत श्वास अडकणे असा वजनाशी जोडलेला आजार असेल तर २७ पासून.

भारतीय माणसाचा धोका मात्र आधीच सुरू होतो. आपल्याकडच्या निकषांत २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. कंबर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर गेली की पोटाची चरबी जास्त समजायची. २४ बीएमआय असलेल्या माणसाने लग्नाच्या फोटोंसाठी इंजेक्शन मागू नये आणि डॉक्टरांनीही देऊ नये.

यांतले काही असेल तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा:

- स्वतःला किंवा जवळच्या नात्यात थायरॉइडचा मेड्युलरी कर्करोग, किंवा एमईएन-२ हा आनुवंशिक आजार. या दोघांत औषध द्यायचेच नाही. नेहमीचा हायपोथायरॉइड वेगळा. त्यात अडचण नाही.
- पूर्वी कधी स्वादुपिंडाला सूज आली असेल, किंवा पित्ताशयात खडे असतील.
- गरोदरपण, स्तनपान, किंवा येत्या काही महिन्यांत मूल हवे असेल.
- जेवण तासन् तास पोटात राहण्याचा आजार.
- मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्याला इजा.
- खाऊन मुद्दाम ओकण्याची किंवा उपाशी राहण्याची सवय, नैराश्य, आत्महत्येचे विचार. लाजून हे लपवले तर नुकसान आपलेच.

३. डॉक्टरांकडे जाताना

एंडोक्रायनॉलॉजिस्ट (संप्रेरकांचे तज्ज्ञ) किंवा एमडी मेडिसिन फिजिशियन गाठा. सरकारी वाटेने जायचे तर बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि म्हापसा व मडगाव इथली जिल्हा इस्पितळे आहेत. ब्युटी क्लिनिक, जिमचा ट्रेनर, फोनवर ‘कन्सल्टेशन’ करून कुरिअरने पेन पाठवणारा, यांना वगळा.

बरोबर न्यायचे कागद:

- आधार कार्ड, आणि त्या इस्पितळाचा जुना केसपेपर असेल तर तो.
- सध्या चालू असलेल्या सर्व औषधांची यादी. आयुर्वेदिक, होमिओपॅथी, जिममधली पावडर धरून. यादी करणे जमत नसेल तर सगळी पाकिटे पिशवीत घालून न्या, तेच बरे.
- गेल्या तीनेक महिन्यांतले रिपोर्ट: उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (तीनेक महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), लिव्हर फंक्शन, लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल वगैरे), टीएसएच (थायरॉइडसाठी). पोटाची सोनोग्राफी आधी झाली असेल तर तीही.
- जुन्या ऑपरेशनांचे आणि दाखल झाल्याचे डिस्चार्ज पेपर.
- वजनाचा इतिहास एका कागदावर: लग्नाच्या वेळी किती, बाळंतपणानंतर किती, कोणता डाएट केला आणि किती दिवसांत वजन परत आले.

रिपोर्ट नसतील तर आधीच हजारोंचे ‘फुल बॉडी’ पॅकेज करून घेऊ नका. कोणत्या तपासण्या हव्यात ते डॉक्टर लिहून देतील.

भेटीत चार प्रश्न विचारा आणि उत्तरे लिहून घ्या: कोणत्या डोसपासून सुरू, पुढची भेट कधी, त्रास झाला तर फोन कोणाला, आणि सहा महिन्यांत किती वजन उतरले तर औषध लागू पडले असे धरायचे.

४. चिठ्ठी आणि फार्मसी

चिठ्ठीवर तुमचे नाव, वय, तारीख, औषधाचे मूळ नाव, डोस मिलिग्रॅममध्ये, किती आठवडे, आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक हवा. नुसते ‘वजनाचे इंजेक्शन, आठवड्याला एक’ लिहिलेले चालवून घेऊ नका. सेमाग्लुटाइडचे पेटंट भारतात मार्च २०२६ मध्ये संपले, त्यामुळे आता एकाच औषधाची अनेक नावे पुढ्यात येतील. नाव बदलले की पेनाची बनावटही बदलू शकते. एका कंपनीचे पेन वापरायला शिकलात म्हणून दुसरे तसेच चालेल असे नाही.

फार्मसीत काउंटरवरच खोका उघडून पाहा. बॅच नंबर आणि मुदत खोक्यावर, पेनावर आणि बिलावर जुळली पाहिजे. सील फाटलेले नसावे. दुकानदाराने पेन फ्रिजमधून काढून दिले का, की मागच्या फळीवरून, हे डोळ्यांनी पाहा. फळीवरून दिले तर घेऊ नका. बिल मागाच. ‘बिल नको तर शंभर रुपये कमी’ हा सौदा या औषधात महाग पडतो, कारण माल बनावट निघाला तर तक्रारीला आधार उरत नाही. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचे कार्यालय बांबोळीलाच आहे. संशय आला तर बिल, खोका आणि पेन घेऊन तिथे जाता येते.

५. खर्च वर्षाचा धरा

पहिला डोस सर्वांत लहान असतो आणि बहुधा सर्वांत स्वस्त. डोस वाढतो तशी किंमतही वाढते. माउंजारो मार्च २०२५ मध्ये आले तेव्हा २.५ मिलिग्रॅमची एक कुपी ३,५०० रुपयांना आणि ५ मिलिग्रॅमची ४,३७५ रुपयांना होती. महिन्याला चार कुप्या म्हणजे १४,००० आणि १७,५०० रुपये. त्यानंतर बाजार बराच हलला आहे, म्हणून आजचा भाव तुमच्या फार्मसीत विचारा, पण विचारताना पहिल्या डोसचा आणि सर्वांत मोठ्या डोसचा, असे दोन्ही विचारा. त्यात डॉक्टरांची फी, दर काही महिन्यांनी होणाऱ्या तपासण्या, सुया आणि वाढलेला मासळी-अंड्यांचा खर्च मिळवा. हा आकडा वर्षभर झेपणार नसेल तर तीन महिने घेऊन सोडण्यात फारसा अर्थ नाही. त्याचे कारण शेवटच्या पायरीत आहे.

६. औषध थंड ठेवणे

न वापरलेले पेन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचे, म्हणजे फ्रिजच्या मधल्या कप्प्यात. दारात नको, तिथे तापमान सतत वरखाली होते. फ्रीझरच्या खालच्या ट्रेमध्ये किंवा मागच्या भिंतीला टेकवून तर मुळीच नको. एकदारी जुन्या फ्रिजमध्ये त्या जागी औषध गोठते, आणि गोठलेले औषध नंतर वितळून अगदी स्वच्छ दिसले तरी फेकायचेच. शंभर-दोनशे रुपयांचा फ्रिज थर्मामीटर आणून एकदा खात्री करून घ्या.

वापरायला सुरुवात केलेले पेन ३० अंशांच्या खाली असेल तर बाहेरही राहू शकते: वेगोव्हीचे चार डोसांचे पेन सहा आठवडे, माउंजारोचे क्विकपेन ३० दिवस. इतर कंपन्यांचे आकडे खोक्यातल्या पत्रकात पाहा. पण ही ३० अंशांची अट गोव्यात एप्रिल-मे महिन्यांत टिकत नाही. दुपारी पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या घरात पारा सहज त्यापुढे जातो. सरळ फ्रिजमध्ये ठेवा आणि पेनावर उघडल्याची तारीख मार्करने लिहा.

लाईट जाणे हा पावसाच्या तोंडाशी नेहमीचाच कार्यक्रम. बहुतेक घरच्या इन्व्हर्टरवर फ्रिज नसतो. दार बंद ठेवले तर फ्रिज साधारण चार तास थंडावा धरतो, म्हणून ‘बघू या’ म्हणून सारखे उघडू नका. रात्रभर लाईट नसेल तर पेन कपड्यात गुंडाळून, बर्फाची पिशवी खाली आणि मध्ये जाड कापड ठेवून थर्मासमध्ये घाला. बर्फ पेनाला थेट लागता कामा नये.

स्कूटरच्या डिकीत पेन ठेवून म्हापशाच्या बाजारात तासभर फिरलात, तर ते औषध भट्टीत ठेवल्यासारखेच. फार्मसीतून सरळ घरी या. विमानाने जायचे तर दाबोळी असो की मोपा, पेन हातातल्या बॅगेत ठेवा आणि बरोबर चिठ्ठीची प्रत न्या. सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकते. कोकण रेल्वेच्या रात्रीच्या प्रवासाला थर्मास पुरतो.

७. टोचायचे कसे

पहिले इंजेक्शन डॉक्टरांच्या किंवा नर्सच्या समोर, पण आपल्याच हाताने घ्या. बघून शिकणे आणि करून शिकणे यात फरक आहे.

1. पेन फ्रिजमधून १५-२० मिनिटे आधी काढा. गार औषध जास्त झोंबते.
2. हात साबणाने धुवा. औषध पाण्यासारखे स्वच्छ आहे ना ते पाहा. गढूळ किंवा कण दिसले तर वापरू नका.
3. नवी सुई बसवा. दर वेळी नवी. सुया खोक्यात येतात की वेगळ्या घ्याव्या लागतात ते खरेदीच्या वेळी विचारून ठेवा.
4. पत्रकात सांगितल्याप्रमाणे थेंब काढून पाहा. वेगोव्हीच्या पेनाला हे नवे पेन उघडताना करायचे असते, क्विकपेनला प्रत्येक इंजेक्शनाआधी.
5. बेंबीपासून चार बोटे सोडून पोटावर, मांडीच्या पुढच्या बाजूला, किंवा दुसऱ्याने टोचले तर दंडावर. दर आठवड्याला जागा बदला.
6. बटण दाबल्यावर सुई लगेच काढू नका. वेगोव्हीत आकडा शून्यावर आल्यावर सावकाश सहापर्यंत मोजा, क्विकपेनला पाचपर्यंत. घाईत सुई काढली की कातडीवर थेंब उरतो. तेवढा डोस कमी.
7. सुई काढून टाका. सुई लावलेले पेन फ्रिजमध्ये ठेवले की औषध गळते आणि हवा शिरते.

क्विकपेनमध्ये चार डोस संपल्यावरही थोडे औषध दिसते. ते थेंब काढून पाहण्यासाठी दिलेले जादा असते. सिरिंजने उपसून ‘पाचवा डोस’ काढण्याचे व्हिडिओ फिरतात. तसे करू नका.

कुपी आणि सिरिंज वापरणाऱ्यांनी एका गोष्टीकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे. आपल्याकडे इन्सुलिनच्या दोन प्रकारच्या सिरिंजा मिळतात: लाल टोपणाची यू-४० आणि केशरी टोपणाची यू-१००. अर्धा मिलिलिटर म्हणजे यू-१०० वर ५० रेघा, यू-४० वर २०. घरात वडिलांच्या इन्सुलिनची सिरिंज पडली आहे म्हणून तीच उचलली तर डोस अडीचपट चुकू शकतो. ‘किती युनिट’ हा प्रश्न या औषधात विचारायचाच नाही; किती मिलिग्रॅम आणि किती मिलिलिटर, हे विचारायचे. माउंजारोची एक कुपी म्हणजे एक डोस. दोघांत वाटायची नाही.

वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या डब्यात टाका, फॅब्रिक सॉफ्टनरचा रिकामा डबा चांगला. पंचायत किंवा पालिकेच्या सुक्या कचऱ्यात नको, तो कचरा हातांनी वेगळा केला जातो. डबा भरला की तुमच्या क्लिनिकमध्ये किंवा इस्पितळात द्या.

वार निवडतानाही विचार करा. मळमळ बहुधा पहिल्या एक-दोन दिवसांत जास्त असते. रविवारी घरी मासळीचे भरगच्च जेवण ठरलेले असेल तर शनिवारी टोचू नका. सोमवारी शिवराक असणाऱ्यांना रविवारची रात्र सोयीची: दुसऱ्या दिवशी ताट हलके असतेच.

८. डोस सावकाश वाढवा

सेमाग्लुटाइडचा वजनासाठीचा क्रम: पहिले चार आठवडे ०.२५ मिलिग्रॅम, मग चार-चार आठवड्यांनी ०.५, १, १.७ आणि शेवटी २.४. टिर्झेपाटाइड: चार आठवडे २.५, मग ५, आणि गरज असेल तर किमान चार आठवड्यांच्या अंतराने २.५ ने वाढवत जास्तीत जास्त १५.

पहिला डोस वजन उतरवण्यासाठी नसतोच, शरीराला सवय लावण्यासाठी असतो. ‘महिना झाला, काटा हलला नाही’ म्हणून स्वतःच दुप्पट घेणारे लोक दुसऱ्या दिवशी सलाईनवर असतात. औषध आठवडाभर अंगात राहते, त्यामुळे जास्त घेतलेले परत काढता येत नाही. उलट्या थांबायची वाट पाहणे एवढेच हाती उरते. एखाद्या डोसवर वजन नीट उतरत असेल तर डॉक्टर पुढे न वाढवता तिथेच थांबतील, आणि ते योग्यच.

डोस चुकला तर: सेमाग्लुटाइड पाच दिवसांच्या आत आठवले तर घ्या, टिर्झेपाटाइड चार दिवसांच्या आत. त्यापुढे गेले तर सोडा आणि ठरलेल्या वारी पुढचा घ्या. दोन एकदम कधीच नाही. सलग दोन-तीन चुकले तर पुन्हा खालच्या डोसपासून चढावे लागू शकते, फोन करून विचारा.

अपेक्षा किती ठेवावी? २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्के वजन उतरले. टिर्झेपाटाइडच्या २०२२ च्या चाचणीत ७२ आठवड्यांत डोसानुसार १५ ते २१ टक्के. ९० किलोच्या माणसाला हे १३ ते १९ किलो, आणि तेही सव्वा वर्षात. ही सरासरी आहे. काहींचे पाच टक्केही उतरत नाही. वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर करा.

९. ताटात काय

इथे सर्वांत जास्त लोक चुकतात. भूक मेली म्हणून सकाळी चहा-बिस्कीट, दुपारी दोन घास भात आणि रात्री काहीच नाही, असे चालू होते. काटा झरझर उतरतो, घरचे कौतुक करतात, आणि उतरते ते चरबीबरोबर स्नायूंचेही वजन. दोन-तीन महिन्यांनी केस गळतात, जिना चढताना पाय भरून येतात.

दर किलो वजनामागे दिवसाला साधारण १ ते १.२ ग्रॅम प्रथिने हवीत. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आकडा डॉक्टरांकडूनच घ्या. हिशेबाला सोपे आकडे: एक अंडे ६ ग्रॅम, १०० ग्रॅम बांगडा किंवा तारले सुमारे १९-२०, १०० ग्रॅम पनीर १८, वाटीभर शिजलेली डाळ ७-८, शंभर ग्रॅम दही ३. सकाळी दोन अंडी आणि अर्धी पोई, दुपारी दोन मध्यम बांगडे आणि वाटीभर डाळ, संध्याकाळी दही, रात्री पनीर किंवा मासे, एवढ्यात सत्तरचा टप्पा गाठता येतो. मात्र जेवताना क्रम बदलावा लागतो: आधी मासळी किंवा कडधान्य, मग भाजी, भात शेवटी. आपण नेमके उलटे करतो. उकड्या तांदळाचा डोंगर आणि हुमण आधी पोटात जाते आणि तळलेल्या तुकड्यापाशी पोचेपर्यंत पोट भरलेले असते.

रव्यात घोळवून तळलेली मासळी, जाड नारळाचे हुमण, शागुती हे प्रकार सुरुवातीच्या महिन्यांत कमी करा. तेल आणि नारळ तसेही जठरात रेंगाळतात. औषधाने जठर आधीच मंदावलेले, मग संध्याकाळी आंबट ढेकर आणि रात्री उलटी. बांगडा तव्यावर थोड्या तेलात भाजा. नारळाच्या दुधाच्या सोलकढीऐवजी फुटी कढी घ्या. ज्या दिवशी मळमळ असेल त्या दिवशी मीठ घातलेली पेज उत्तम, पण पेजेत प्रथिने नगण्य. जोडीला उकडलेले अंडे किंवा मूग हवेत.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, आणि तिला लागून श्रावण येतो. वर्षातल्या याच दिवसांत ताटातली प्रथिने घसरतात. मेअखेरीसच आळसांदे, चणे, मूग, सोया चंक्स यांचा साठा करा. सुके बांगडे आणि सुकट चालते, पण मीठ भरपूर असते. रक्तदाब असेल तर भिजवून, पाणी फेकून वापरा.

चवथीच्या नेवऱ्या, पातोळ्या आणि जत्रेतली खाजी पूर्णपणे टाळायची गरज नाही. एक नेवरी खा, सावकाश खा, आणि त्यानंतर लगेच आडवे होऊ नका. घरी पाहुणचार करणाऱ्या मावशी-काकूंना ‘डॉक्टरांनी थोडे थोडे खायला सांगितले आहे’ असे आधीच सांगून टाका. ‘नको’ म्हटले तर आग्रह दुप्पट होतो.

दारूबद्दल स्पष्ट: उर्राकाच्या दिवसांत रिकाम्या पोटी दोन पेले आणि जेवण नाही, हे या औषधाबरोबर धोक्याचे. पाणी कमी पडते, मळमळ वाढते, स्वादुपिंडावर ताण येतो. मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर साखर धाडकन उतरू शकते.

स्नायू राखायला आठवड्यातून दोन-तीन दिवस जोर लावायचा व्यायाम हवा. जिम नको असेल तर खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला टेकून पुश-अप, पाण्याच्या बाटल्या उचलणे. मिरामारच्या किनाऱ्यावर चालणे हृदयाला चांगले, पण स्नायूंना तेवढे पुरत नाही.

१०. त्रास झाला तर

मळमळ: थोडे थोडे, पाच वेळा खा, पोट भरल्याची पहिली जाणीव होताच ताटावरून उठा. सोडा आणि बिअर टाळा. रात्रीचे जेवण झोपण्याच्या तीन तास आधी.

बद्धकोष्ठ: खाणे कमी झाले की पाणीही कमी होते, कारण काही पाणी जेवणातूनही येत असते. दिवसाला दोन ते अडीच लिटर प्या (हृदय किंवा मूत्रपिंडाचा रुग्ण असाल तर डॉक्टर सांगतील तेवढेच). भाज्या, फळे, रात्री इसबगोल. चार दिवस पोट साफ झाले नाही तर फोन करा.

जुलाब-उलट्या: ओआरएस. दिवसभर काहीच टिकत नसेल तर पुढचा डोस न घेता डॉक्टरांना विचारा.

पुढीलपैकी काही झाले तर वाट पाहू नका, १०८ ला फोन करा किंवा जवळच्या इस्पितळाच्या कॅज्युअल्टीत जा: पोटाच्या वरच्या भागात न थांबणारी, पाठीकडे जाणारी जोराची कळ, डोळे किंवा लघवी पिवळीधमक होणे, आठ तास लघवी न होणे, अचानक एका डोळ्याने दिसेनासे होणे, चेहरा किंवा घसा सुजून श्वास अडकणे. ‘गॅस झाला असेल’ म्हणून सोडा पिऊन रात्र काढणे हा स्वादुपिंडाच्या सुजेत सर्वांत महाग पडणारा निर्णय. तिथे कोणते इंजेक्शन चालू आहे आणि शेवटचे कधी घेतले, हे पहिल्या वाक्यात सांगा.

११. बाकीची औषधे, बाळ, ऑपरेशन

वजन उतरते तसा रक्तदाबही उतरतो. उभे राहताना चक्कर येऊ लागली तर रक्तदाबाची गोळी कमी करायची वेळ आली असेल. स्वतः बंद करू नका, दाखवा. थायरॉइडच्या गोळीचा डोसही पुन्हा तपासावा लागतो.

टिर्झेपाटाइड सुरू केल्यावर चार आठवडे आणि प्रत्येक डोसवाढीनंतर चार आठवडे गर्भनिरोधक गोळीवर भरवसा ठेवू नका, कंडोमही वापरा. पीसीओएस (संप्रेरकांच्या बिघाडाने पाळी अनियमित होण्याचा विकार) असलेल्या बायकांची पाळी वजन उतरल्यावर नियमित होते आणि ‘मला दिवस राहत नाहीत’ हा समज अचानक खोटा ठरतो. मूल हवे असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी, टिर्झेपाटाइड किमान एक महिना आधी बंद करायचे.

ऑपरेशन, एंडोस्कोपी किंवा दात काढायला गुंगी देणार असतील तर भूलतज्ज्ञांना सांगा. उपाशी असूनही जठरात अन्न उरलेले असू शकते आणि गुंगीत ते फुप्फुसात जाते.

१२. थांबवायचे कधी, कसे

सहन होईल त्या पूर्ण डोसवर काही महिने राहूनही पाच टक्के वजन उतरले नाही, तर औषध तुम्हाला लागू पडत नाही असे समजून डॉक्टरांशी दुसऱ्या वाटेबद्दल बोला. उतरले असेल तर लगेच सोडायची घाई करू नका. सेमाग्लुटाइडच्या त्याच चाचणीतल्या लोकांनी औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग परत मिळवला. इच्छाशक्ती कमी पडली म्हणून असे झाले नाही, दाबलेली भूक मोकळी झाली. रक्तदाबाची गोळी सोडली की रक्तदाब चढतो, तसेच हे.

थांबवायचेच असेल तर चवथ, नाताळ किंवा घरातले लग्न तोंडावर असताना नको. साधे दिवस निवडा, प्रथिनांचा क्रम आणि व्यायाम तसाच ठेवा, आणि पहिले तीन महिने आठवड्याचे वजन वहीत लिहा. तीन किलो परत चढले की दहाची वाट न पाहता भेट घ्या.

उरलेले पेन भाऊ-वहिनीला किंवा शेजारणीला देऊ नका. एकाने वापरलेले पेन सुई बदलूनही दुसऱ्याला चालत नाही, रक्तातून पसरणारे आजार त्यातून जातात. न उघडलेलेही देऊ नका, तुमचा १.७ चा डोस त्यांचा पहिला डोस ठरेल. सुयांच्या डब्याबरोबर तेही क्लिनिकमध्ये जमा करा.